ताशी 90 ला थरथरणारं चाक

मागच्या पावसाळ्यात राजमाचीहून परतताना लोणावळ्यापाशी द्रुतगती मार्गाला लागलो. वेग 80 च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. 90 ला तर डॅशबोर्डच्या खणातल्या किल्ल्या वाजू लागल्या आणि आरशातल्या मागच्या गाडीचे दिवे नुसते पुसट पट्टे दिसू लागले. वेग 70 वर आणला, सगळं शांत. पुन्हा 90, पुन्हा थरथर. पुण्यापर्यंत ते चाळे करतच आलो.

गाडी थार. टायर मी बदललेले, 285/70 आर 17, म्हणजे उंचीला जवळजवळ 33 इंच, मोठ्या गोट्यांचे, चिखलासाठीचे. घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. "अलाइनमेंट करून घे" हा सगळ्यात लोकप्रिय. "एवढे मोठे टायर घातलेस तर थरथरणारच", हा दुसरा. "नायट्रोजन भर" हा तिसरा. शेजारच्या काकूंनी तर गाडीला नजर लागली असं ठरवून बंपरला बांधायला लिंबू-मिरची आणून दिली. त्यांची माया मला कळते, पण जी बाधा ताशी 70 ला नसते, 90 ला येते आणि 70 वर आल्यावर जाते तिचं नातं वेगाशी आहे. आणि वेगाशी नातं असलेली गोष्ट मोजता येते.

नायट्रोजनचंही तेच. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्या 22 टक्क्यांच्या जागीही तो भरला म्हणून चाकाची जड बाजू हलकी होत नाही. या कामासाठी त्याचे पैसे मोजू नयेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या दिशेला आणि किती कलून उभी आहेत ते जुळवणं. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर हा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाची जड बाजू रिमवर छोटी वजनं लावून तोलण्याचा, प्रांत आहे. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच दुकानात, एकाच पाटीखाली होतात, म्हणून हा घोटाळा होतो.

शेतात गोफण फिरवलेल्याला यातलं मूळ तत्त्व हाताने माहीत असतं. गोफणीतला दगड तोच राहतो, पण दुप्पट वेगाने फिरवला की हाताला ओढ चौपट बसते. चाकाच्या एका बाजूला जास्तीचं वजन असलं की ते वजन आसाला असंच ओढतं, आणि चाक फिरतं तशी ओढीची दिशाही फिरते.

माझ्या बाबतीत ते वजन कुठलं होतं, हे कळायला आठवडा गेला. टायरवाल्याकडे गेलो, चारही चाकं बॅलन्स करून आणली, गाडी लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी थरथर परत, तीही आधीपेक्षा जास्त. मग घरीच जॅक लावला, चाक काढलं आणि रिमच्या आतल्या बाजूला हात घातला. वाळून सिमेंटसारख्या झालेल्या चिखलाचं एक ढेकूळ हाताला लागलं. शेजारीच तसंच एक ढेकूळ निखळून पडल्याची ताजी खूण होती. म्हणजे दुकानात चिखलासकट बॅलन्सिंग झालं होतं. अर्धा चिखल पडला आणि त्याला तोलण्यासाठी लावलेली वजनं आता उलटी बाधक झाली.

ते ढेकूळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 160 ग्रॅम. आसापासून अंतर साधारण 20 सेंटिमीटर. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. या टायरचा घेर सुमारे 2.6 मीटर, म्हणजे सेकंदाला साडेनऊ फेरे. वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग हे शाळेतलं सूत्र लावलं की उत्तर येतं जवळपास 116 न्यूटन, म्हणजे 12 किलोची ओढ. मूठभर माती सेकंदाला साडेनऊ वेळा 12 किलोच्या जोराने चाक वर-खाली, पुढे-मागे हिसडते. 45 च्या वेगाला हीच ओढ 3 किलो. गावात गाडी चालवताना काहीच कळत नाही ते यामुळे.

मोठ्या टायरची अडचण अशी की त्याचं रबर आसापासून लांब असतं आणि आपण वजनं लावतो ती रिमवर, म्हणजे बरीच आत. टायरच्या पट्ट्यात 40 सेंटिमीटरवर 50 ग्रॅम जास्त असतील तर 17 इंची रिमच्या कडेला ते तोलायला 93 ग्रॅम लागतात. त्यात टायर रुंद. जड जागा आतल्या कडेला असेल आणि तोलाचं वजन बाहेरच्या कडेला लावलं तर चाक उड्या मारायचं थांबतं, पण डुलायला लागतं आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलतं. म्हणून वजनं दोन्ही कडांना, यंत्राने दाखवलेल्या जागीच लावायला हवीत. अलॉय रिम छान दिसावी म्हणून सगळी वजनं आतल्या बाजूला एकाच रेषेत चिकटवतात, ते 33 इंची टायरला चालत नाही.

आता हे 90 लाच का? चाक, ते ज्यावर बसतं तो हब, ब्रेक, चाकाला गाडीशी जोडणारा आर्म हा सगळा ऐवज वर स्प्रिंग आणि खाली टायरचं रबर यांच्या मध्ये अडकलेला असतो. त्यालाही झोक्यासारखी स्वतःची एक लय असते. माझं चाक टायर-रिम धरून सुमारे 38 किलो, बाकीचा ऐवज धरला तर 65 च्या आसपास. टायर एक मिलिमीटर दाबायला साधारण 25 किलोचा भार लागतो असं धरलं, तर ही लय सेकंदाला दहाच्या जवळ येते. आणि ताशी 90-95 ला चाकाचे फेरेही तेवढेच. झोका परत येतो त्याच क्षणी धक्का मिळाला तर तो चढत जातो, तसं होतं. छोट्या कारचं चाक लहान असल्याने जास्त फेरे मारतं, पण ते हलकं असल्याने त्याची स्वतःची लयही जलद. म्हणून हॅचबॅक असो की थार, थरथर 80 ते 100 मध्येच गाठते. मोठ्या टायरचा फरक इतकाच की हिसडणारं वजन मोठं.

आणि आता मला ज्याबद्दल खरं लिहायचं आहे ते. टायरच्या आत मणी टाकायचे, ते आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात आणि बॅलन्सिंगची कटकट कायमची मिटते, असं ऑफ-रोडवाल्या मित्रांमध्ये ठामपणे सांगतात. काचेचे, सिरॅमिकचे मणी यासाठी विकले जातात; काही जण खेळण्यातल्या बंदुकीचे प्लॅस्टिकचे छर्रे टाकतात. ऐकल्यावर पहिला प्रश्न पडतो: मणी हलक्या बाजूलाच का जातील? त्यांना कोण सांगतं?

एक प्रयोग करून पाहा. 25 सेंटिमीटर दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधा. दोऱ्याचं टोक बोटात धरून हात सावकाश डावी-उजवीकडे हलवा. जुडगा हाताबरोबर जातो. हात उजवीकडे, जुडगा उजवीकडे. आता हलवण्याचा वेग वाढवत न्या. सेकंदाला एकदा अशी लय आली की जुडगा वेड्यासारखा झोके घेतो. आणखी वाढवा, सेकंदाला दोन-तीनदा. जुडगा जवळजवळ जागच्या जागी राहतो, आणि नीट पाहिलं तर हात उजवीकडे असताना तो डावीकडे असतो. दिशा उलटली! लयीच्या खाली सोबत, लयीच्या वर विरुद्ध.

फिरणाऱ्या चाकाचंही हेच. वेग कमी असताना चाक जड बाजूच्या दिशेने सरकतं, म्हणजे जड बाजू बाहेर फेकली जाते. वेग त्या लयीच्या बराच वर गेला की चाक उलट दिशेला सरकतं, जड बाजू आत येते आणि चाक आपल्या गुरुत्वमध्याभोवती शांतपणे फिरायला लागतं. 1869 मध्ये विल्यम रँकिन या मोठ्या स्कॉटिश अभियंत्याने गणित मांडून निष्कर्ष काढला होता की फिरता दांडा ही लयीची मर्यादा ओलांडूच शकत नाही. वीस वर्षांनी स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने बारीक, लवचीक दांड्यावरची वाफेची टर्बाइन त्या मर्यादेच्या कितीतरी वर फिरवून दाखवली. दूध संघात साय वेगळी करणारं फिरतं यंत्र रूढ केलं तोही हाच लाव्हाल. हे असं का होतं याचा स्वच्छ उलगडा हेन्री जेफकॉटने 1919 मध्ये केला. मला हा इतिहास फार आवडतो: कागदावर अशक्य ठरलेली गोष्ट आधी यंत्राने केली आणि कागद नंतर दुरुस्त झाला.

मण्यांकडे परत. सुटा मणी फक्त एवढंच जाणतो की फिरण्याच्या खऱ्या केंद्रापासून जी जागा सर्वांत लांब तिकडे घरंगळायचं. लयीच्या वर हलकी बाजू लांब असते, म्हणून मणी तिकडे जातात आणि तोल साधतो. लयीच्या खाली जड बाजूच लांब असते. मग मणी जड बाजूला जाऊन तिला आणखी जड करतात.

घरात याचा पुरावा आहे. वरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनचा रिकामा ड्रम हाताने हलवा. बहुतेक मशीनमध्ये वरच्या कड्यातून पाण्याचा खळखळ आवाज येतो. त्या पोकळ कड्यात मिठाचं पाणी असतं. कपडे पिळायला सुरुवात होते तेव्हा मशीन आधी धडधडते, मग वेग वाढला की एकदम शांत होते. ती धडधड म्हणजे लय ओलांडतानाचा क्षण. त्यानंतर पाणी कपड्यांच्या गोळ्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभं राहतं. ड्रम मऊ स्प्रिंगांवर टांगलेला असतो, त्याची लय फार संथ, त्यामुळे पिळण्याचा वेग तिच्या खूप वर असतो. म्हणून तिथे हे तंत्र उत्तम चालतं.

चाकाचं गणित वर केलंच आहे. लय सेकंदाला दहा, आणि आपण महामार्गावर सेकंदाला आठ ते साडेदहा फेऱ्यांत असतो. म्हणजे लयीच्या खाली किंवा ऐन लयीवर. ज्या प्रदेशात मणी काम करतात तिथे आपण पोचतच नाही. ताशी 7-8 किलोमीटरच्या वर गेल्यावर ते टायरच्या आतल्या भिंतीला चिकटून फिरतात हे खरं, पण चिकटणं म्हणजे योग्य जागी चिकटणं नव्हे. शिवाय रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्यांची जागा बदलतो. चाक वर-खाली एका लयीत हलतं आणि पुढे-मागे दुसऱ्या, त्यामुळे एका दिशेने बरोबर असलेली मण्यांची जागा दुसऱ्या दिशेने चूक असू शकते. मणी टाकून थरथर कमी झाली असं सांगणारे खोटं बोलत नसतील. टायर काढून पुन्हा बसवताना तो रिमवर वेगळ्या जागी बसला, तेवढ्यानेही फरक पडतो. पण मी ते पैसे खर्च करणार नाही.

माझं पुढे काय झालं तर, चिखल खरवडून पुन्हा बॅलन्सिंग केल्यावर नव्वद टक्के थरथर गेली, दहा टक्के उरली. यंत्र शून्य दाखवत होतं. मग लक्षात आलं की बाजारातून घेतलेल्या माझ्या रिमचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं आहे. यंत्रावर रिम शंकूने बरोबर मध्यावर बसते, गाडीवर मात्र ती फक्त नटांच्या भरवशावर. अर्धा मिलिमीटर सरकली तरी 38 किलोचं चाक अर्धा मिलिमीटर बाजूला गेलं. रिमच्या कडेला 88 ग्रॅमचं वजन विसरल्यासारखं ते झालं! शिवाय रबर प्रत्येक फेऱ्यात अर्धा मिलिमीटर कमी-जास्त दाबलं जातं ते वेगळं, त्याचे 12 किलो. हवेत फिरवणाऱ्या यंत्राला हे दुसरं कधीच दिसत नाही.

भोकात बसणाऱ्या कड्या मापाने करून घेतल्या. चाक जॅकवर अधांतरी असतानाच समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेलो, शेवटची ताकद गाडी जमिनीवर आल्यावर लावली. दुकानात एक हट्ट धरला: यंत्राने शून्य दाखवल्यावर चाक सोडून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवून तपासायचं. तेव्हाही शून्याच्या आसपास आलं तरच चाक यंत्रावर नीट बसलं होतं. एका चाकाने दुसऱ्यांदा 35 ग्रॅम दाखवले. शंकूवर वाळूचे कण होते. पुसले, पुन्हा केलं.

परवा पुन्हा राजमाचीला जाऊन आलो. परतताना लोणावळ्यात एका धुलाई केंद्रावर थांबून पाण्याचा फवारा चारही रिमच्या आतून मारायला लावला, हात घालून चाचपलं, डाव्या मागच्या चाकात अडकलेला खडा काढला आणि मग द्रुतगती मार्गाला लागलो. 90 ला किल्ल्या वाजल्या नाहीत.