रस्टचे त्रुटीसंदेश आणि ‘स्पष्टीकरण’ या शब्दाचा घोळ

त्रुटीला संकेतांक द्यायचा आणि त्याचा अर्थ वेगळ्या पुस्तिकेत ठेवायचा, ही पद्धत मेनफ्रेम संगणकांच्या काळापासूनची आहे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेने तीच उचलली; फरक इतकाच की पुस्तिका कंपायलरच्या (कोड तपासून तो यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटात गेली आणि ‘एक्स्प्लेन’ या पर्यायापुढे ई०३८२ असा संकेतांक दिला की मालकी दुसऱ्या चलाकडे निघून गेलेल्या मूल्याच्या वापराविषयीचे टिपण टर्मिनलवर उमटू लागले.

खरे वळण २०१६ मध्ये आले. त्याच्या आदल्या वर्षी एल्म या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेने संवादी सुरातले संदेश आणल्यामुळे अपेक्षा वाढल्या होत्या. रस्टच्या संदेशांविषयीच्या २०१६ मधील प्रस्तावात दोन गोष्टी होत्या. पहिली, मूळ कोडच्या ओळी मध्यभागी ठेवून चूक कुठे झाली आणि का झाली हे त्यांच्याखालीच खुणांनी दाखवणारी नवी मांडणी. ती सप्टेंबर २०१६ मधील १.१२ आवृत्तीत आली. दुसरी, विस्तृत स्पष्टीकरण वापरकर्त्याच्या स्वतःच्या कोडभोवती गुंफण्याची कल्पना. ती मात्र त्या रूपात कधीच साकारली नाही. ‘एक्स्प्लेन’ सर्वांना एकच ठरावीक मजकूर दाखवत राहिले.

त्यामुळे ‘स्पष्टीकरण’ हा एकच शब्द दोन भिन्न वस्तूंना चिकटला आहे: संकेतांकामागचे ठरावीक टिपण आणि संदेशातच तुमच्या कोडखाली दिसणारा खुलासा. मूल्याचा प्रकार (टाइप) न जुळल्याची ई०३०८ ही त्रुटी घ्या. तिच्या टिपणात पूर्णांकाच्या जागी मजकूर पाठवल्याचे उदाहरण आहे. पण फंक्शनच्या शेवटच्या ओळीवर चुकून अर्धविराम दिला तरी हाच संकेतांक येतो, आणि ज्याचा अर्धविराम चुकला आहे त्याला त्या उदाहरणाचा काडीचा उपयोग नसतो. त्याच्या कामी येते ती संदेशाखालचीच ‘हा अर्धविराम काढा’ अशी एका ओळीची सूचना. टिपणांमधील चुकीची उदाहरणे खरोखर तोच संकेतांक देतात का, हे चाचण्यांतून तपासले जाते, ही शिस्त निश्चितच वाखाणण्याजोगी आहे. मात्र त्यामुळे टिपण खरे राहते, वाचणाऱ्याच्या अडचणीला ते लागू पडेलच असे नाही.

२०१८ पासून तर पारडे सूचनांकडेच झुकले. कोणती दुरुस्ती यंत्राने बेधडक लागू करावी आणि कोणती केवळ सुचवावी, अशी वर्गवारी सूचनांना जोडली गेली, आणि त्या वर्षीच्या १.२९ आवृत्तीपासून ‘कार्गो फिक्स’ ही रस्टच्या ‘कार्गो’ या साधनातली आज्ञा खात्रीच्या दुरुस्त्या आपणहून करू लागली. त्याच वर्षी आलेला ‘टीच’ हा संदेशातच शिकवणारा पर्याय मात्र प्रायोगिक कंपायलरपुरताच राहिला.