बगॅसची राख सिमेंटपर्यंत कशी आली: पार्श्वभूमी

शेतातल्या टाकाऊ मालाची राख सिमेंटमध्ये मिसळायचा विषय सोलापूर जिल्ह्यात निघाला, की गाडी शेवटी बगॅसवरच, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडावरच, येऊन थांबते. ज्वारीचा कडबा जाळायची भाषा इथे कोणी करणार नाही, तो जनावरांचा घास. तुराट्या चुलीत जातात. पाचट फडातच पेटवतात, ती राख कोण गोळा करत बसणार? एका जागी, ढिगाने राख पडते ती साखर कारखान्याच्या बॉयलरमधून.

कल्पना मात्र आजच्या सिमेंटपेक्षा कितीतरी जुनी आहे. रोमन गवंडी नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवत. आपल्याकडे वाडे बांधताना चुन्याच्या घाणीत विटांची पूड, म्हणजे सुरकी, घालत. भाजलेल्या मातीतली किंवा राखेतली सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य) ओल्या चुन्याला धरते आणि घट्ट होते. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पुढे सुरकी मागे पडली. पण हे सिमेंटही पाणी लागलं की चुना मोकळा करतंच. राख त्याच चुन्याला कामाला लावते.

पिकाच्या राखेला वजन आलं ते १९७०च्या दशकात, बर्कलीच्या विद्यापीठात पी. कुमार मेहता यांनी भाताच्या तुसावर केलेल्या कामामुळे. तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९० टक्के सिलिका असते. जाळताना आच सुमारे ७०० अंशांच्या आत ठेवावी लागते. ती वाढली की सिलिकाचे स्फटिक होतात आणि राख जवळपास वाळूसारखी निष्क्रिय होते.

सोलापूरचं घोडं इथेच अडतं. १९३०च्या दशकात माळीनगर आणि श्रीपूरला कारखाने उभे राहिले, १९८०मध्ये उजनी धरण झालं आणि ऊस पसरला. गाळलेल्या उसाच्या वजनात तीस टक्क्यांच्या आसपास बगॅस निघतं. ते जळतं वाफेसाठी, आता विजेसाठीही. (सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची, म्हणजे बगॅसवर वीज करणाऱ्या प्रकल्पाची, चिमणी जून २०२३मध्ये विमानसेवेसाठी पाडली, तेव्हा हा विषय शहरात घरोघरी पोचला होता, राखेबद्दल मात्र कोणी बोललं नाही.) बॉयलर चालवणाऱ्याला वाफेचा दाब सांभाळायचा असतो, सिलिकाची प्रत नाही. त्यात उसाला चिकटून शेताची माती येते, तिची वाळू राखेत उतरते.

ही राख हातात घेतली तर काळपट लागते, बोटांना अर्धवट जळलेले तंतू जाणवतात. हे तंतू पाणी पितात आणि काँक्रीट बिघडवतात. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी त्यावर साधा तोडगा दाखवला: ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून राख चाळायची, तंतू वर राहतात, मग खालचा भाग बारीक दळायचा. प्रयोगशाळांतल्या चाचण्यांत पाचव्या हिश्श्यापर्यंत सिमेंट अशा राखेने बदलूनही ताकद टिकलेली दिसली.

तरीही बाजार दगडी कोळशाच्या राखेचाच राहिला, आणि माझ्या मते त्यात रसायनापेक्षा नियमांचा हात मोठा आहे. १९९९मध्ये केंद्राने अधिसूचना काढून औष्णिक केंद्रांची राख वापरायला लावली. पोझोलाना सिमेंटच्या, म्हणजे अशी राख मिसळलेल्या सिमेंटच्या, भारतीय मानकात तिचं प्रमाण १५ ते ३५ टक्के ठरलेलं आहे. फताटेवाडीचं एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र २०१७पासून सोलापूरच्या दारातच ती तयार करतं, तीही वर्षभर. कारखान्याची राख गाळप हंगामापुरती. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाच्या २०००च्या आवृत्तीत तुसाच्या राखेचं नाव घेतलेलं आहे, बगॅसच्या राखेचं नाही. त्यामुळे सरकारी कामाच्या निविदेत ती सुचवायची, तर अभियंत्याला आधी वरिष्ठांकडून वेगळी मंजुरी काढावी लागते.