बायोलॉजी पीएचडीचा अर्ज: ‘आमची मूल्यं’ वाचल्याशिवाय फॉर्म उघडू नका

अमेरिकी विद्यापीठांच्या बायोलॉजी पीएचडीच्या माहितीत ‘आमची मूल्यं’ असा एक उतारा असतो. सचोटी, सहकार्य, सर्वांना सामावून घेणं वगैरे. अर्जदार तो शोभेचा समजून पुढे जातात आणि तिथेच अडकतात. कारण अनेक ठिकाणी दोन निबंध मागतात, एक संशोधनावर आणि एक वैयक्तिक. दुसऱ्याचा प्रश्न या मूल्यांवरच बेतलेला असतो. त्यात पहिलाच निबंध शब्द फिरवून चिकटवलेला असला, की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

‘मी प्रामाणिक आणि मेहनती आहे’ या वाक्याला काही किंमत नाही. कंट्रोलमध्येच, म्हणजे जिथे काही दिसायला नको त्या तुलनेच्या नमुन्यातच, बँड (डीएनएचा पट्टा) दिसला तेव्हा तुम्ही नोंदवहीत काय लिहिलंत, ते सांगा. ज्युनिअरला पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) शिकवताना कुठे चुकलात, तेही चालेल. मूल्यांची यादी त्यांनीच लिहिलीय, ती त्यांना परत ऐकवू नका.

खरी अडचण शिफारसपत्रांची. बहुधा तीन लागतात आणि निदान एक तरी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेल्या माणसाचं हवं. विभागप्रमुखांचं ‘वर्गात नियमित हजर असे’ छापाचं पत्र कितीही मोठ्या सहीचं असो, उपयोग शून्य. आणि ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे सर सगळीकडे भेटतात. नम्रपणे नाही म्हणा. त्याऐवजी केलेल्या कामाचे मुद्दे त्यांना लिहून द्या. सचोटीवर निबंध लिहायचा आणि पत्र स्वतःच टाइप करायचं, हे कसं चालेल?

पात्रतेत फार गुंता नाही. चार वर्षांची पदवी बहुतेक ठिकाणी पुरते, मास्टर्सची सक्ती सहसा नसते, रसायनशास्त्र किंवा संगणकवालेही चालतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी काढून टाकलीय. बायोलॉजीची जीआरई विषय परीक्षा तर २०२१ मध्येच बंद झाली, तरी जुन्या याद्या बघून लोक अजून तिची पुस्तकं शोधतात! टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मात्र दोनच वर्षं चालतात.

तारखा नीट वाचा. मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते आणि ‘रात्री ११:५९’ कुठल्या घड्याळाचे, ते तपासा. १५ एप्रिल ही अर्जाची तारीख नव्हे. निधीसह आलेल्या प्रवेशाला होकार-नकार कळवायची ती मुदत आहे. शुल्कमाफी हवी असेल तर अर्ज सबमिट करण्याआधी मागा, पैसे भरल्यावर ते सहसा परत मिळत नाहीत.