रेपॉझिटरी वेबहुक

कोड रेपॉझिटरीत (कोड आणि त्यातले बदल साठवण्याच्या जागेत) काही घडले की त्याची वर्दी दुसऱ्या सर्व्हरला आपणहून पोहोचवणारी व्यवस्था. कोणी कमिट (नोंदवलेला बदल) पुश केले म्हणजे वर चढवले, पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) उघडली, टॅग (आवृत्तीची खूण) लावला किंवा इश्यूवर (नोंदवलेल्या अडचणीवर) प्रतिक्रिया लिहिली, की होस्टिंग सेवा आधी ठरवून दिलेल्या यूआरएलवर एचटीटीपी पोस्ट विनंती पाठवते. घटनेचा तपशील त्या विनंतीत बहुधा जेसन या मजकुरी स्वरूपात असतो. ‘वेबहुक’ हे नाव जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये दिले. गिटहब, गिटलॅब आणि बिटबकेट या तिन्ही सेवांवर ही सोय आहे.

ही सोय नसेल तर बिल्ड सर्व्हरला (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या सर्व्हरला) ‘नवीन काही आले का?’ असे ठरावीक वेळाने विचारत बसावे लागते आणि बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच येते. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचे स्वतःचे हुक (घटना घडताच चालणाऱ्या स्क्रिप्ट) वेगळे. पोस्ट-रिसीव्हसारखी स्क्रिप्ट रेपॉझिटरी ज्या मशीनवर आहे तिथेच चालते, त्यामुळे त्या मशीनचा ताबा हवा. वेबहुकला तो लागत नाही. रेपॉझिटरीचे प्रशासकीय अधिकार असले की पुरते.

गिटहबवर रेपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये ‘वेबहुक्स’ हा विभाग असतो. तिथे यूआरएल, मजकुराचा प्रकार, गुप्त किल्ली आणि कोणत्या घटना हव्यात एवढेच भरायचे असते. सगळ्या घटना मागवण्याचा पर्याय सोपा वाटतो, पण तो टाळावा. डिप्लॉयमेंटसाठी (कोड सर्व्हरवर चालू करण्यासाठी) फक्त ‘पुश’ हवा असताना प्रत्येक स्टार आणि प्रत्येक लेबलची वर्दी घेऊन करायचे काय? नोंदणी झाल्याबरोबर ‘पिंग’ नावाची चाचणी विनंती येते. यूआरएल मात्र इंटरनेटवरून पोहोचता येईल असा हवा. लोकलहोस्टवर (आपल्याच मशीनवर) चाचणी घ्यायची तर एनग्रॉकसारखा टनेल (इंटरनेटवरून आपल्या मशीनपर्यंत वाट देणारी सेवा) वापरतात.

नोंदणी पाच मिनिटांत उरकते. खरे काम वर्दी घेणाऱ्या बाजूला आहे. यूआरएल उघडा असल्याने तिथे कोणीही खोटी विनंती टाकू शकतो, आणि त्या विनंतीवरून थेट प्रॉडक्शनवर (लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर) कोड चढणार असेल तर धोका उघड आहे. म्हणून सही तपासायची. गिटहब गुप्त किल्ली आणि विनंतीचा मजकूर यांच्यावरून एचमॅक-एसएचए२५६ ही सही काढते आणि ‘एक्स-हब-सिग्नेचर-२५६’ या हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत) घालते. घेणाऱ्याने तेच गणित स्वतः करून दोन्ही मूल्ये ताडून पाहायची. इथे हमखास होणारा घोटाळा असा : फ्रेमवर्क जेसन आधीच उलगडते, प्रोग्रॅमर ते पुन्हा मजकुरात बदलून सही काढतो, मधल्या एखाद्या स्पेसचा फरक पडतो आणि सही कधीच जुळत नाही. सही आलेल्या मूळ बाइट्सवरच काढावी लागते. तुलनाही साध्या बरोबरीच्या चिन्हाने करू नये. नेहमी सारखाच वेळ घेणारे फंक्शन वापरावे, नाहीतर उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून सहीचा अंदाज बांधता येतो. गिटलॅबच्या जुन्या सिक्रेट टोकनाची रीत वेगळी आहे : ते हेडरमध्ये जसेच्या तसे येते, त्यामुळे तिथे एचटीटीपीएस नसेल तर टोकन असून नसल्यासारखेच.

दुसरी अट वेळेची. गिटहब उत्तराची १० सेकंद वाट पाहते. तोवर २०० च्या घरातला कोड मिळाला नाही तर डिलिव्हरी अयशस्वी धरली जाते. बिल्ड एवढ्यात होणे कठीण. तेव्हा सही तपासावी, काम रांगेत टाकावे, लगेच उत्तर द्यावे आणि बाकीचे मागाहून करावे. अयशस्वी डिलिव्हरी गिटहब स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. अलीकडच्या डिलिव्हरींच्या यादीत जाऊन ती हाताने किंवा एपीआयद्वारे (प्रोग्रॅममधून) पुन्हा मागवावी लागते. गिटलॅब तर सतत अपयशी ठरणारा वेबहुक काही काळ बंदच करते.

पुन्हा मागवलेल्या वर्दीचा ‘एक्स-गिटहब-डिलिव्हरी’ क्रमांक मूळचाच असतो, म्हणून तो जपून ठेवला तर तेच काम दोनदा होत नाही. वर्द्या घडलेल्या क्रमानेच येतील असेही धरून चालू नये. दोन पुश लागोपाठ झाले आणि दुसऱ्याची वर्दी आधी आली, तर वर्दीतल्या कमिटवर विसंबणारी स्क्रिप्ट जुना कोड नव्यावर चढवेल. वर्दीला केवळ ‘बघून जा’ असा निरोप मानून ब्रँचची (कोडच्या शाखेची) सद्यस्थिती रेपॉझिटरीतूनच विचारणे जास्त भरवशाचे.

ब्रँच काढून टाकली तरी ‘पुश’ घटना येते. त्या वेळी ‘आफ्टर’ या रकान्यात कमिटच्या जागी ४० शून्ये असतात, आणि तेवढे न पाहणारी स्क्रिप्ट नसलेले कमिट चेकआउट करायला (उतरवून घ्यायला) जाऊन कोलमडते. स्क्रिप्ट स्वतःच त्या रेपॉझिटरीत कमिट करत असेल, उदाहरणार्थ आवृत्ती क्रमांक वाढवत असेल, तर त्या पुशमुळे पुन्हा वर्दी येते, पुन्हा कमिट होते आणि चक्र थांबत नाही; त्यासाठी स्क्रिप्टच्या खात्यावरून आलेले पुश सुरुवातीलाच वगळतात.