कॉर्कचे १३ अब्ज युरो आणि १५ टक्के कराची वाट

१० सप्टेंबर २०२४ रोजी लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने ॲपल कंपनीला आयर्लंडच्या सरकारी तिजोरीत १३ अब्ज युरो आणि त्यावरचे व्याज भरावे लागेल असा अंतिम निकाल दिला. त्याआधी जेमतेम आठ महिने, १ जानेवारी २०२४ पासून, युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांच्या नफ्यावर किमान १५ टक्के कराचा नियम लागू झाला होता. बातम्यांमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या छापून आल्या, पण त्यांचे मूळ एक आहे. युरोपच्या एकत्रीकरणाच्या पायाभूत करारात १९५७ साली एक पेच राहून गेला. त्यातून वाट काढताना युरोपला सुमारे सात दशके लागली.

पेच असा. रोमच्या कराराने सामायिक बाजारपेठ उभी केली, पण प्रत्यक्ष कर प्रत्येक देशाच्या हाती ठेवले. कंपनी करावर संघाला सर्वांसाठी कायदा करायचा असेल तर प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, एकाने विरोध केला तरी प्रस्ताव पडतो. हा नियम आजही तसाच आहे. त्याच करारात आणखी एक कलम होते. कोणत्याही सरकारने निवडक कंपन्यांना मदत देऊन स्पर्धा बिघडवू नये, आणि तसे झाल्यास ती मदत परत घ्यायला लावावी. या कलमाची अंमलबजावणी ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेकडे आहे आणि त्यासाठी सदस्य देशांच्या मतदानाची गरज नाही. करसवलत हीसुद्धा मदतच, हे तत्त्व न्यायालयांनी पुढे पक्के केले. समोरचे दार एकमताच्या कुलपाने बंद, पण हे बाजूचे दार मात्र उघडे, अशी ती रचना होती.

आता आयर्लंड. या देशाला आज करसवलतींचे नंदनवन म्हणून हिणवले जाते, पण तिथली सुरुवात श्रीमंतांच्या सोयीसाठी झाली नव्हती. १९५० च्या दशकात चार लाखांहून अधिक माणसे हा छोटा देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर. शेतीवर पोट भरेना आणि आयातबंदीच्या भिंतीआड वाढलेले उद्योग निर्यात करू शकेनात. १९५६ मध्ये सरकारने निर्यातीतून वाढलेल्या नफ्यावरचा कर निम्मा केला आणि दोनच वर्षांत तो पूर्ण माफ झाला. १९५८ मध्ये अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांचा परदेशी भांडवलाला दारे उघडा असे सुचवणारा अहवाल आला, आणि पुढल्या वर्षी पंतप्रधान झालेल्या शॉन लेमास यांनी तो धोरण म्हणून राबवला. शॅनन विमानतळाची गोष्टही त्याच काळातली. लांब पल्ल्याची जेट विमाने आल्यावर अटलांटिक ओलांडताना तिथे इंधनासाठी थांबायची गरज उरणार नव्हती. तेव्हा १९५९ मध्ये विमानतळालगतच करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभारले गेले.

१९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय समुदायात आला आणि ही निर्यातमाफी अडचणीत आली. फक्त निर्यातदाराला सूट म्हणजे उघड पक्षपात. त्यावर तोडगा म्हणून १९८१ पासून कारखानदारीला सरसकट १० टक्के कराचा दर आला. नेमक्या याच सुमारास, १९८० मध्ये, ॲपल आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आली. सुरुवातीला कारखान्यात ६० माणसे होती. पुढच्या चार वर्षांत कॉर्कमधला डनलपचा कारखाना बंद झाला, फोर्डचा बंद झाला आणि व्हेरोल्मे गोदीलाही टाळे लागले. एकामागून एक भोंगे थांबत असताना जी कंपनी टिकून राहिली आणि माणसे घेत गेली, तिच्याविषयी त्या शहरात कृतज्ञता असणार. २०१६ पर्यंत ॲपलचे आयर्लंडमधले कर्मचारी सहा हजारांच्या घरात गेले होते. पुढे आयर्लंडचे सरकार १३ अब्ज युरो नाकारण्यासाठी न्यायालयात का भांडले, हे ही पार्श्वभूमी ठाऊक असल्याशिवाय उमगत नाही.

१९९१ मध्ये ॲपल आणि आयरिश करखाते यांच्यात एक समझोता झाला आणि २००७ मध्ये तो सुधारला गेला. करखाते आधीच लिहून देते की तुमचा करपात्र नफा आम्ही अमुक पद्धतीने मोजू. अशा आगाऊ रुलिंगमध्ये एरवी काही वावगे नाही, ती जगभर दिली जातात. प्रश्न मोजण्याच्या पद्धतीचा होता. ॲपल सेल्स इंटरनॅशनल आणि ॲपल ऑपरेशन्स युरोप या दोन कंपन्यांची नोंदणी आयर्लंडमधली. पहिल्या कंपनीकडे युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारत एवढ्या प्रदेशातल्या विक्रीचा व्यवहार होता. त्या काळात पुण्या-नागपुरात विकल्या गेलेल्या आयफोनच्या साखळीतला एक दुवा कॉर्कमध्ये होता तो असा.

रुलिंगनुसार कॉर्कच्या शाखांचा नफा त्यांच्या चालू खर्चावर ठरावीक टक्के धरून मोजला जाई. उरलेला सगळा नफा 'मुख्य कार्यालया'च्या नावावर. आयोगाच्या तपासात दिसले की या मुख्य कार्यालयाला ना इमारत होती, ना कर्मचारी. अधूनमधून संचालक मंडळाच्या बैठका होत, तेवढेच. कंपनीचा कारभार देशाबाहेरून चालत असेल तर ती इथली रहिवासी नव्हे, असे तेव्हाचा आयरिश कायदा म्हणे. कंपनीची नोंदणी जिथली तिथलीच ती, असे अमेरिकी कायदा म्हणे. दोन्ही कायदे आपापल्या जागी सरळ होते, पण दोघांच्या मधल्या फटीत जो नफा पडला तो कोणाचाच नव्हता. २०११ मध्ये ॲपल सेल्स इंटरनॅशनलचा नफा सुमारे १६ अब्ज युरो होता, त्यातले आयर्लंडमध्ये करपात्र धरले गेले ते सुमारे ५ कोटी युरो. २००३ मध्ये या नफ्यावर प्रत्यक्षात पडणारा कर १ टक्का होता, २०१४ पर्यंत तो ०.००५ टक्क्यावर आला. दहा लाख युरो नफ्यामागे ५० युरो. आयर्लंडमधल्या एखाद्या लहानशा दुकानदाराने त्याच काळात किती कर भरला असेल, हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आयर्लंडचा आजचा कंपनी कराचा १२.५ टक्के दर ॲपलच्या खटल्यात कधीच आव्हानात नव्हता. युरोपचे मदतविरोधी कलम कमी कराला हरकत घेत नाही, निवडक कराला घेते. नव्वदच्या दशकात हे ठसठशीतपणे दिसले. मारिओ मोंटी तेव्हा आयोगात करविषयक कारभार पाहत होते. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९९७ मध्ये सदस्य देशांनी हानिकारक करस्पर्धा टाळण्याची आचारसंहिता मान्य केली. ती कायद्याने बंधनकारक नव्हती, पण १९९९ मध्ये तिच्या तपासगटाने ६६ हानिकारक तरतुदी शोधून यादी मांडली. फक्त कारखानदारीला १० टक्के हा आयरिश दरही पक्षपाती ठरत होता. आयर्लंडने काय केले? दर वाढवण्याऐवजी सर्व व्यापारी उत्पन्नाचाच कर उतरवत उतरवत २००३ मध्ये १२.५ टक्क्यांवर आणला. पक्षपात संपला आणि नियम पाळला गेला, पण करस्पर्धा उलट अधिक तीव्र झाली. बाजूच्या दारातून आत शिरता येते, पण घराची मांडणी बदलता येत नाही, हे तेव्हाच कळून चुकायला हवे होते.

चक्रे फिरली ती २००८ च्या आर्थिक संकटानंतर. सरकारांनी बँका वाचवल्या, मग लोकांवर काटकसर लादली. आयर्लंडला २०१० मध्ये युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले. अशा वेळी कोण किती कर भरतो हा विषय अर्थतज्ज्ञांच्या परिषदांतून बाहेर पडून घराघरात पोचला. मे २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने ॲपलला सुनावणीसाठी बोलावले. सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या चौकशीतून आयरिश कंपन्यांची ही रचना प्रथमच तपशिलासह जगासमोर आली. वर्षभराने, जून २०१४ मध्ये, युरोपीय आयोगाने औपचारिक तपास सुरू केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये लक्झेंबर्गची शेकडो गुप्त रुलिंग शोधपत्रकारांनी उघड केली. तो धक्का दुहेरी होता, कारण लक्झेंबर्गचे १८ वर्षे पंतप्रधान राहिलेले ज्याँ-क्लोद युंकर यांनी काही दिवसांपूर्वीच आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले होते.

स्पर्धा आयुक्त मार्ग्रेथ व्हेस्टेगर यांनी मग मदतविरोधी कलमाचे शस्त्र पुरते बाहेर काढले. नेदरलँड्सने स्टारबक्सला, लक्झेंबर्गने फियाट, ॲमेझॉन आणि आँजी ही फ्रेंच ऊर्जा कंपनी यांना दिलेली रुलिंग बेकायदा मदत ठरवली गेली. ३० ऑगस्ट २०१६ रोजी ॲपलचा आदेश आला. २००३ ते २०१४ या काळातला थकलेला कर, १३ अब्ज युरोंपर्यंत, आयर्लंडने वसूल करावा. ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी खुले पत्र लिहून म्हटले की आम्ही कायदा पाळला आणि आयोग जुन्या व्यवहारांना नवे नियम लावत आहे. व्होडाफोनचा पूर्वलक्षी कराचा वाद आठवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हा आक्षेप ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की भारतात संसदेने २०१२ मध्ये कायदा बदलून मागच्या तारखेने लावला होता, युरोपात कलम १९५७ पासून होतेच, ते अशा प्रकरणांना कितपत लागू होते हा वाद होता.

आयर्लंडच्या संसदेने अपिलाच्या बाजूने ९३ विरुद्ध ३६ असा कौल दिला. पैसे वसूल करायला उशीर केला म्हणून आयोगाने आयर्लंडलाच न्यायालयात खेचले, आणि २०१८ मध्ये व्याजासह १४ अब्जांहून अधिक युरो एस्क्रो खात्यात, म्हणजे निकाल लागेपर्यंत रक्कम राखून ठेवणाऱ्या खात्यात, जमा झाले. घरांची तीव्र टंचाई असलेल्या देशाने आपल्याच हक्काचा पैसा नको म्हणावा, हे मला पटत नाही. पण कंपन्या निघून जातील ही त्यांची भीती खोटी नव्हती.

न्यायालयांत आयोगाची एकूण कामगिरी फारशी चांगली नाही. स्टारबक्सचा आदेश २०१९ मध्ये रद्द झाला आणि आयोगाने अपीलच केले नाही. फियाट प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने आयोगाला स्पष्ट सांगितले की निवडक वागणूक ठरवताना त्या देशाचा स्वतःचा करकायदा पाहा, त्या कायद्यात नसलेले निकष तुम्ही वरून आणू नका. ॲमेझॉन आणि आँजी प्रकरणेही डिसेंबर २०२३ मध्ये हातची गेली. ॲपलच्या बाबतीतही कनिष्ठ न्यायालयाने १५ जुलै २०२० रोजी पुरावा अपुरा म्हणून आदेश रद्द केला होता. २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खटला परत न पाठवता स्वतःच निकाली काढला. शाखेच्या वाट्याला किती नफा येतो याचा नियम खुद्द आयरिश कायद्यात होता आणि तोच बाजूला ठेवला गेला, हे इथे टिकले. ॲपलचा निकाल मोठा आहे, पण त्यावरून हे शस्त्र सगळीकडे चालते असे समजणे चुकीचे ठरेल.

तोवर खरा बदल दुसऱ्या वाटेने आला होता. गौप्यस्फोटांच्या दबावाखाली डिसेंबर २०१५ मध्ये सदस्य देशांनी रुलिंगची माहिती एकमेकांना आपोआप देण्याचे मान्य केले, २०१६ मध्ये करचुकवेगिरीविरोधी निर्देश, म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असलेला संघाचा कायदा, आला. आयर्लंडने आपल्या कायद्यातली 'कुठलीच रहिवासी नाही' ही पळवाट बुजवली. कंपन्यांनी देशवार नफा आणि कर जाहीर करावा हा २०२१ चा निर्देश तर आणून मंजूर केला गेला लेखापालनाचा कायदा म्हणून. कर कायदा म्हटले असते तर एकमत लागले असते.

एकमताचे कुलूप शेवटी युरोपाबाहेरून उघडले. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या पुढाकाराने चाललेल्या वाटाघाटींत ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतासह १३६ देशांनी १५ टक्के किमान कर मान्य केला. आयर्लंडने सही केली ती मसुद्यातले 'किमान १५ टक्के' मधले 'किमान' वगळून घेतल्यावरच, म्हणजे पुढे दर चढवत नेण्याचा दरवाजा बंद करून. युरोपीय निर्देशाला आधी पोलंडने, मग हंगेरीने अडवले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो एकदाचा मंजूर झाला. वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो किंवा त्याहून जास्त असलेल्या समूहांना तो लागू आहे, मग मुख्यालय कुठेही असो. नेदरलँड्समध्ये पोलाद कारखाना चालवणारा मुंबईचा टाटा स्टीलसारखा समूहही या हिशेबातून सुटत नाही. एखाद्या देशात प्रत्यक्षात पडणारा कर १५ टक्क्यांहून कमी असला तर फरक पूरक कर म्हणून वसूल होतो. आयर्लंडने छोट्या कंपन्यांसाठी १२.५ टक्के दर राखला आणि मोठ्यांकडून वरचा फरक स्वतःच घ्यायला सुरुवात केली, कारण आपण घेतला नाही तर दुसरा देश घेईल.

पण अमेरिकेने पाठ फिरवली. जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकी समूहांना या व्यवस्थेच्या मुख्य भागातून वगळण्याचे तत्त्वतः मान्य केले आणि जानेवारी २०२६ मध्ये वाटाघाटीतल्या देशांनी त्याचा तपशील ठरवला. यात एक गोष्ट मात्र शाबूत राहिली. कमी कर पडलेल्या अमेरिकी नफ्यावर इतर देशांनी फरक वसूल करण्याचा रस्ता बंद झाला असला, तरी ज्या देशात नफा नोंदला जातो त्याचा स्वतःचा पूरक कर अमेरिकी कंपन्यांनाही भरावाच लागतो. म्हणजे कॉर्कमध्ये नोंदलेल्या नफ्यावर आयर्लंड १५ टक्के घेऊ शकते, आणि घेते आहे.