पाव वाळत नाही, शिळा होतो

परवा फ्रेंच टोस्ट करायला मी मुद्दाम तीन दिवसांपूर्वीचा ब्रेड काढला, तर घरातूनच हरकत आली. "वाळून कडक झालाय तो. खालून ताजा आण की!" मी पिशवी दाखवली. तिला पहिल्या दिवसापासून गाठ मारलेली. मग आतलं पाणी गेलं कुठे? ब्रेड कडक झाला होता हे खरं, पण वाळला नव्हता. शिळं होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. हा फरक एकदा समजला की फ्रेंच टोस्टची अर्धी पाककृती आपोआप समजते.

हा फरक पहिल्यांदा पकडला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बूसँगो यांनी, १८५२ मध्ये. पाव हवाबंद ठेवला, पाणी उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे तोच शिळा पाव साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला की पुन्हा ताज्यासारखा मऊ होतो. वाळलेली वस्तू गरम केल्यावर आणखी वाळेल. मऊ कशी होईल? म्हणजे आत दुसरंच काही तरी घडत असणार. पुढे विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साहाय्याने शिळ्या पावाचा गर तपासला गेला, तेव्हा त्यात ताज्या पावात नसलेली स्फटिकरचना दिसली. ती होती स्टार्चची.

आता जरा धीर धरा, कारण माझ्या मते स्वयंपाकघरातलं सगळ्यात सुंदर रसायनशास्त्र इथे आहे.

गव्हातलं स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक माळा. त्या दोन प्रकारच्या असतात. साधारण चौथा हिस्सा अमायलोज, म्हणजे जवळपास सरळ माळ. उरलेलं अमायलोपेक्टिन, म्हणजे झाडासारखी फांद्याफांद्यांची माळ. कोरड्या कणकेत किंवा मैद्यात या माळा सूक्ष्म दाण्यांमध्ये शिस्तीत रचलेल्या असतात. भट्टीत साठ अंशांच्या पुढे पाणी त्या दाण्यांत घुसतं, रचना विस्कटते, दाणे फुगतात. पिठलं ढवळताना अचानक घट्ट होतं तो हाच क्षण.

पाव भट्टीतून बाहेर आला की माळा पुन्हा एकमेकींच्या शेजारी येऊ लागतात. सरळ अमायलोजला हे सोपं जातं. काही तासांतच त्या एकमेकींना बिलगतात आणि पावाचा गर उभा राहतो. गरमागरम पाव सुरीने नीट कापता येत नाही, कारण हे काम अजून झालेलं नसतं. फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला मात्र दिवस लागतात. त्याच्या बाहेरच्या आखूड फांद्या दोन-दोनच्या जोडीने पीळ घेतात, हे पीळ शेजारी-शेजारी रचले जातात, हायड्रोजन बंधांनी जखडले जातात आणि छोटे छोटे स्फटिक तयार होतात. या स्फटिकाला 'बी' प्रकारचा म्हणतात आणि त्याच्या एका एकक पेशीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, पाण्याचे ३६ रेणू अडकलेले असतात. पाणी पावातच आहे, पण आता ते स्फटिकाच्या तुरुंगात आहे. जिभेला आणि दातांना ते कोरडंच लागणार. या सगळ्या प्रकाराला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्याला कधीपासूनच 'शिळं होणं' हा शब्द आहे आणि तो पुरेसा आहे.

आपल्या आज्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांना फक्त हायड्रोजन बंध माहीत नव्हते. फोडणीचा भात ताज्या भाताचा केला तर गिचका होतो, कालच्या भाताचा मोकळा होतो. तिथेही हेच स्फटिक.

आता फ्रिज. 'फ्रिजमध्ये ठेवला की ब्रेड ताजा राहतो' हा घराघरातला समज निम्मा चुकीचा आहे. बुरशी लांबते, हे बरोबर. पण स्फटिक होण्याची क्रिया सर्वांत वेगाने होते ती शून्याच्या थोडं वर, चारेक अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकी फ्रिजमधल्या तापमानाला. एका बाजूला थंडीत स्फटिकांची बीजं झपाट्याने पडतात, दुसऱ्या बाजूला ती वाढायला रेणूंना थोडी हालचाल लागते; दोन्हींचा मेळ इथे बसतो. फ्रीझरमध्ये उणे अठराला रेणूंची हालचालच जवळपास थांबते, म्हणून तिथे ब्रेड टिकतो. पाकिटावर 'इमल्सिफायर ४७१' दिसतं ना, त्याचं एक काम स्टार्चच्या माळांच्या मध्ये पडून हे सगळं लांबवायचं. तेच पाकीट पुढे वाचलंत तर '२८२' दिसेल. तो कॅल्शियम प्रोपियोनेट, बुरशीचा शत्रू. शिळं होण्याशी त्याचा संबंध नाही.

इथे एक टिप्पणी केल्याशिवाय राहवत नाही. 'ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवून मग टोस्ट करा, मधुमेहींना चालतो' असे रील सध्या फिरतात. बीज खरं आहे: असं स्फटिकी स्टार्च थोडं कमी पचतं. पण अमायलोपेक्टिनचे स्फटिक साठ अंशांच्या आसपास वितळतात, म्हणजे टोस्टरमध्येच. उरतो तो अमायलोजचा भाग, ज्याचे स्फटिक शंभर अंशांच्याही पुढे टिकतात. त्याने थोडा फरक पडू शकतो. मैद्याच्या ब्रेडचं औषध होत नाही. आणि आपण तर त्यावर तूप, साखर आणि फळांचा पाक घालणार आहोत, तेव्हा आरोग्याचा विषय आज सोडून देऊ.

तर फ्रेंच टोस्ट. फ्रेंच लोक स्वतः याला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. एपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतींतही पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध ओतायला सांगितलं आहे. फ्रेंच नावातला हेतू तर शिळा पाव संपवण्याचाच. पण चवीपेक्षा रचनेसाठी तो शिळा असावा लागतो. ताज्या पावाच्या गराच्या भिंती लुसलुशीत असतात. दुधात बुडवल्या की खचतात आणि तुकडा तव्यावर टाकताना हातात लोंबतो. शिळ्या पावाच्या भिंतींना स्फटिकांचा टेकू असतो, म्हणून तो दूध पिऊनही उभा राहतो. त्यात तो रात्रभर जाळीवर उघडा ठेवला तर थोडा वाळतोही, आणि दुधाला जास्त जागा मिळते. दोन कामं, दोन वेगळ्या क्रिया.

चार जाड तुकड्यांना दोन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूट मीठ, किंचित जायफळ. प्रत्येक बाजू वीस-तीस सेकंद भिजवायची. तवा मध्यम, घाई नको.

कारण तव्यावर आत जे होतं ते पाहण्यासारखं आहे. तुकड्याचा मध्य साठ अंशांच्या पुढे गेला की अमायलोपेक्टिनचे स्फटिक वितळतात. ज्या टेकूवर आपण विसंबून होतो तोच जातो! पाव पुन्हा ताज्यासारखा मऊ. आता तो खचायला हवा, पण खचत नाही, कारण त्याच सुमाराला अंड्याची प्रथिनं कामाला लागतात. पांढऱ्यातलं ओव्होट्रान्सफेरिन साठ-बासष्टलाच उलगडायला लागतं. पांढऱ्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ऐंशीच्या आसपास. दूध आणि साखर मिसळल्याने हे मिश्रण नुसत्या अंड्यापेक्षा थोडं उशिराच गोठतं. म्हणजे स्टार्च सैल पडत जातं, तसतशी प्रथिनांची जाळी विणली जाते. मंद आचेवर ही अदलाबदल सावकाश होते आणि आत खरवसासारखा पोत येतो. आच मोठी असेल तर बाहेर काळं, आत कच्चं ओलं.

बाहेरचा खरपूस रंग ही माइलार अभिक्रिया. फ्रेंच वैद्य लुई कामी माइलार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा उष्णतेने एकत्र येतात. त्यासाठी साजूक तूप लोण्यापेक्षा बरं, कारण लोण्यातला दुधाचा घन भाग लवकर करपतो. एवढं पुरे.

वरचं फळ. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आली की मी दुसरं काही बघत नाही. चिरून दोन चमचे साखर टाकायची आणि अर्धा तास विसरायचं. साखर फोडींच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळते, बाहेर गाढ पाक होतो आणि परासरणाने पेशींतलं पाणी बाहेर येतं. त्यातला निम्मा भाग पाच मिनिटं गरम करून मऊ करायचा, उरलेला कच्चाच मिसळायचा. म्हणजे घट्टपणाही मिळतो आणि ताजा वासही. लिंबाचे चार थेंब टाकले तर लाल रंग उठून दिसतो, कारण स्ट्रॉबेरीचं रंगद्रव्य अँथोसायनिन आम्लात लाल राहतं.

अननस घेणार असाल तर आधी उकळून घ्या. त्यातलं ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं. कच्चा अननस सायीत किंवा दुधाच्या कस्टर्डमध्ये घातला की ते पातळ आणि कडवट होतं. अननस आणि दूध एकत्र नको, यामागचं हे एवढंच कारण. 'दूध आणि आंबट फळ पोटात फाटतं, कोड उठतं' वगैरे नव्हे. दूध पोटात फाटतंच, नुसतं प्यायलं तरीही; जठररस स्ट्रॉबेरीपेक्षा कितीतरी आंबट असतो. आणि कोड ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच रंगपेशींवर केलेल्या हल्ल्याची गोष्ट आहे. तिचा ताटातल्या जोड्यांशी संबंध नाही.

फळ ताटलीत मात्र आधीपासून ओतू नका. टोस्टची कड कुरकुरीत असते कारण तिच्यात पाणी जवळपास नसतं. पाक पडला की ती पाच मिनिटांत नरम. आमच्याकडे वाटी वेगळी ठेवतो आणि ज्याचं त्याने घासागणिक घ्यायचं.