अ‍ॅनिमेशनपटांतील खलपात्राचा ऱ्हास

कौटुंबिक अ‍ॅनिमेशनपटांत पहिल्याच प्रवेशात ओळखू येणारे खलपात्र मागे पडून त्याच्या जागी लपलेला दुष्ट, गैरसमज किंवा घरातलाच ताण येण्याची प्रवृत्ती. ती साधारणपणे २०१० नंतर ठळक झाली.

आरंभाविषयी एकमत नाही. ‘फ्रोझन’ (२०१३) हा टप्पा नेहमी सांगितला जातो. त्यात बर्फाची शक्ती असलेली राणी एल्सा मुळात खलनायिका होती. ‘लेट इट गो’ हे गाणे तयार झाल्यावर कथाच फिरवली गेली आणि दुष्टपणा राजपुत्र हान्सकडे गेला. परंतु ‘रेक-इट राल्फ’मध्ये (२०१२) किंग कँडीची खरी ओळख आधीच उशिरापर्यंत राखून ठेवलेली दिसते. जपानी ‘माय नेबर टोटोरो’त (१९८८) खलपात्रच नाही, मात्र परंपरा वेगळी असल्याने त्याला ऱ्हासाचा आरंभ म्हणणे ताणलेले वाटते.

जुन्या खलपात्राची घडण ठरलेली असे : टोकदार बाह्याकृती, जांभळा-हिरवा रंग, स्वतःचे गाणे आणि शेवटी उंचावरून पडणे. पडण्यात सोय अशी, की दुष्ट मरतो आणि नायकाच्या हाताला रक्त लागत नाही (‘स्नो व्हाइट’मधील दुष्ट राणी, १९३७; ‘ब्युटी अँड द बीस्ट’मधील गॅस्टन, १९९१). ‘अलादीन’मध्ये (१९९२) इतर पात्रे वळणदार रेषांची असताना अ‍ॅनिमेटर आंद्रेयास देया यांनी खलपात्र जाफर मुद्दाम उभा, कोनदार ठेवला. दुष्ट लपवायचा ठरला की यातले काहीच वापरता येत नाही. हान्सच्या वाट्याला प्रेमगीत आले, खलगीत नाही. उलगड्यानंतर कटकारस्थान रंगवायला वेळही उरत नाही. ‘बिग हीरो ६’ (२०१४) आणि ‘झूटोपिया’पर्यंत (२०१६) प्रेक्षक सर्वांत गोड पात्रावरच संशय घेऊ लागला. ‘एन्कांतो’त (२०२१) तर दुष्ट कोणीच नाही.

खानदेशात हिंदीत भाषांतरित झालेले हे चित्रपट पाहणाऱ्या पिढीच्या शेजारीच उलट संकेत पाळणारा प्रकार आहे. धुळे-नंदुरबारच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील भोवाडा या मुखवट्यांच्या लोकनाट्यात संबळाच्या तालावर रावण, महिषासुर यांची सोंगे नाचतात. मुखवटा दिसताच राक्षस कोण हे लहान पोरालाही कळते. देवी त्याला कधी मारते, एवढेच पाहायचे उरते.

‘विश’मध्ये (२०२३) जुना साचा अंशतः परतला. खलपात्र राजा मॅग्निफिकोला स्वतःचे गाणे मिळाले, पण उंचावरून पडणे नाही. शेवटी तो स्वतःच्याच राजदंडाच्या आरशात कोंडला जातो.